मी मागे घेतलेली साक्ष

टीबी बरा होतो. हे वाक्य सगळ्यात आधी लिहून टाकते, कारण ज्यांना ते हवं आहे त्यांच्यात माझी बाकीची हकिकत वाचायचा दम नसेल. माझ्यात नव्हता. त्या दिवसांत मला दूधवाल्याशी बोलायचाही कंटाळा यायचा. तेव्हा ज्यांना डॉक्टरांनी आत्ताच सांगितलं आहे त्यांनी एवढंच वाचावं, गोळी घ्यावी आणि आडवं व्हावं. बाकीचं सवडीने.

बाकीच्यात माझा आजार कमी आणि माझा खोटेपणा जास्त आहे. तो सांगितल्याशिवाय आजाराबद्दल बोलायचा मला हक्क नाही असं मला वाटतं, म्हणून दोन्ही सांगते.

माझं नाव सुनंदा, वय एकोणपन्नास. नवीन पनवेलला राहते, घरीच शिवणकाम करते. माझे यजमान सॅम्युअल द्रोणागिरीला कंटेनर यार्डात सुपरवायझर आहेत, मुलगी कृपा कॉलेजात जाते. आमचं चर्च जुन्या गावात. मंडळी लहान, सगळे सगळ्यांना ओळखणारे. हे मंडळीचे चिटणीस आहेत आणि माझंही तिथे एक ठरलेलं काम होतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, त्याची भाकर मी करायचे. शब्द भाकर, प्रत्यक्षात ती गव्हाची, मीठ न घातलेली जाड पोळी. आधी सासूबाई करायच्या. त्यांचे हात थरथरायला लागले तेव्हा त्यांनी मला शेजारी उभं करून कणीक किती घट्ट हवी ते दाखवलं, आणि तेव्हापासून एकोणीस वर्षं ते काम माझ्याकडे. शनिवारी संध्याकाळी मी न्हाऊन, केस बांधून, टीव्ही बंद करून ती पोळी करायचे. माझ्या आयुष्यात मिरवण्यासारखं फार काही नाही, पण पाळकसाहेब ती हातात घेऊन मोडायचे आणि एकेक तुकडा सगळ्यांना द्यायचे तेव्हा मला मनातून फार बरं वाटायचं.

आत घेतलेले ब्लाउज

खोकला मे महिन्यात लागला. तळोज्याकडचा वारा आमच्या बाजूला फिरला की अख्खी इमारत खोकते, त्यामुळे कोणाला काही वाटलं नाही. मला वाटलं, कापडाची धूळ. मग संध्याकाळी अंग मोडून यायला लागलं. मशीनवर बसले की पंधरा मिनिटांत पाठ भिंतीला टेकायची. गणवेशांचं काम वेळेत झालं नाही, दोन गिऱ्हाइकं रागावून कापड परत घेऊन गेली आणि खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं.

मी दुसऱ्यांची मापं घेऊन पोट भरणारी बाई. ऑगस्टपर्यंत मी माझे स्वतःचे चार ब्लाउज दोन्ही बाजूंनी आत घेतले आणि तरी माझ्या डोक्यात काही आलं नाही. कृपाच्या आलं. ती म्हणाली, "मम्मी, तू स्वतःला आल्टर करत सुटली आहेस. चल दवाखान्यात."

सरकारी दवाखान्यात छातीचा एक्सरे झाला, बेडका तपासायला दिला. तिसऱ्या दिवशी बोलावलं. डॉक्टर कृपापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठी असेल नसेल. तिने कागद माझ्याकडे फिरवला आणि साध्या आवाजात सांगितलं, "काकू, टीबी आहे. सहा महिने गोळ्या घ्यायच्या, एक दिवस चुकवायचा नाही. बरा होतो."

लोक अशा वेळी काय विचारतात मला माहीत नाही. मी विचारलं, "भाकरीतून जातो का?"

तिला वाटलं मी घरच्या स्वयंपाकाबद्दल विचारते आहे. "नाही हो. जेवणातून नाही जात. हवेतून जातो, खोकल्यातून. पहिले काही आठवडे मास्क लावा, खिडक्या उघड्या ठेवा. घरच्यांना तपासून घ्या."

मी मान हलवली, पण माझ्या डोळ्यांसमोर मे, जून, जुलै आणि ऑगस्टचे चार पहिले रविवार उभे होते. मी तोंडाला पदर लावून खोकत मळलेली कणीक. डॉक्टरचं शास्त्र माझ्या डोक्याला पटलं होतं, पोटाला पटलं नव्हतं.

हे दवाखान्याबाहेर थांबले होते; रिक्षात मी त्यांना सगळं सांगितलं. घरी आल्यावर त्यांनी दार लावलं, चपला काढल्या, नीट शेजारी शेजारी ठेवल्या आणि म्हणाले, "मंडळीत बोलायचं नाही."

"आणि भाकर?"

"मनगट दुखतंय म्हणून सांग. लोकांनी खाल्ली आहे ती, सुनंदा. चार महिने खाल्ली आहे. आता सांगून त्यांच्या घशात अडकवायची आहे का?"

मी त्यांना दोष देत नाही. त्यांनी सांगितलं नसतं तर मीच सुचवलं असतं. मनगटाला क्रेप बँडेज बांधून मी एक रविवार गेलेसुद्धा, मास्क लावून, शेवटच्या बाकावर. मग "छातीत कफ झालाय" म्हणून दोन महिने घरीच राहिले. भाकर आमच्या शेजारच्या गल्लीतल्या एस्तेरबाई करू लागल्या. पाळकसाहेब घरी प्रार्थनेला आले, दाराजवळच्या खुर्चीत बसले आणि ज्या आजाराचं नाव त्यांना माहीत नव्हतं त्याच्यासाठी त्यांनी डोळे मिटून फार कळकळीने प्रार्थना केली. मी मध्येच डोळे उघडून ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांचेही उघडे होते.

गोळ्या

सकाळी उपाशीपोटी गोळ्या. त्यानंतरचा तासभर कोणी माझ्याशी बोलायचं नाही असा घरात अलिखित नियम झाला, कारण तोंड उघडलं की उलटी. लघवी नारंगी होते, पहिल्या दिवशी पाहून माझी घाबरगुंडी उडाली. तुमची उडू नये म्हणून सांगते. सांधे दुखतात. भूक आधी मरते आणि मग एक दिवस अशी येते की मी उभ्याने तीन चपात्या खाल्ल्या.

पण सगळ्यात जास्त काय असेल तर थकवा. झोपून उठल्यावर येणारा थकवा. केस विंचरायला हात वर केला की तो तिथेच खाली आणावासा वाटायचा. प्रार्थनेला बसले की "हे प्रभू" म्हणून झाल्यावर पुढे काही सुचायचं नाही आणि मी तशीच बसून राहायचे. पूर्वी मला वाटायचं, आजारपणात माणूस देवाच्या जवळ जातो. मी उशीच्या जवळ गेले.

ह्यांनी ह्या काळात जे केलं ते लिहायला हवं. रोज दोन अंडी उकडून, सोलून, ताटलीत ठेवून मगच ते कामावर जायचे. अंडं त्यांना धड सोलता यायचं नाही, अर्धं पांढरं सालीबरोबर जायचं. घरातल्या बाकी दोघांची तपासणी झाली, दोघंही सुटले. त्या दिवशी ह्यांनी बाथरूमचं दार लावून नळ सोडला आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

महिन्यातून एकदा दवाखान्यात जाऊन पुढच्या महिन्याच्या गोळ्या आणायच्या असत. तिथल्या बाकावर मला कमळ भेटली. वय तिशीच्या आतलं, पळस्प्याच्या पुढे डोंगराच्या कडेला तिची वाडी. दिवाळीपर्यंत शेतावर मजुरी, दिवाळीनंतर नवऱ्याबरोबर वीटभट्टीवर. माझे आणि तिचे उपचार एकाच आठवड्यात सुरू झाले होते, त्यामुळे दर खेपेला आम्ही शेजारी बसायचो. मंडळीतल्या एकाही बाईला जे माहीत नव्हतं ते तिला माहीत होतं, आणि म्हणून तिच्याशी बोलताना मला हलकं वाटायचं.

"मावशी, तुमाला बी उलटी व्हते का वो?"

"रोज."

"मंग बरं हाय. मला वाटलं मलाच व्हते."

असं आमचं बोलणं. देवाधर्माचं काही नाही. ती कुठे थुंकायचं नाही, मुलीला कुठे झोपवायचं हे मला विचारायची आणि मी डॉक्टरने सांगितलेलं तिला मोठ्या तोऱ्यात सांगायचे.

दोन महिन्यांनी दोघींचा बेडका स्वच्छ आला. दवाखान्यातल्या सिस्टरनी बजावलं, जंतू दिसत नाहीत म्हणजे संपलं असं नाही, अजून चार महिने गोळ्या आहेत. आम्ही दोघींनी शहाण्या मुलींसारख्या माना हलवल्या.

हंगामाचा सण

नोव्हेंबरात आमच्याकडे हंगामाचा सण असतो. लोक भाजी, तांदूळ, नारळ, कोणी कोंबडी असं घेऊन येतात, वेदीपुढे मांडतात, उपकारस्तुती होते, मग प्रीतिभोजन. मी दोन महिन्यांनी पहिल्यांदा चर्चला जाणार होते. वजन वाढलं होतं, चेहऱ्यावर रंग आला होता, चारपैकी दोन ब्लाउज मी पुन्हा उसवून सैल केले होते. मला इतका आनंद झाला होता की आदल्या खेपेला मी कमळला म्हटलं, "रविवारी ये आमच्याकडे जेवायला. मुलीलाही आण." मी तिला धर्म बदलायला बोलावलं नव्हतं, मटण-भात खायला बोलावलं होतं. ती आली, मुलीला मांडीवर घेऊन शेवटच्या बाकावर बसली.

ज्यांना आमची पद्धत माहीत नाही त्यांच्यासाठी: उपकारस्तुतीच्या दिवशी ज्याच्यावर देवाने काही कृपा केली तो पुढे येऊन ती सगळ्यांसमोर सांगतो. ती साक्ष. परीक्षेत पास झाल्याची साक्ष असते, अपघातातून वाचल्याची असते. पाळकसाहेबांनी विचारलं, "आणखी कोणी?" आणि आधीच्या बाकांवरून बायकांनी वळून माझ्याकडे बघितलं. सुनंदाताई आजारी होत्या, सुनंदाताई बऱ्या झाल्या. मी उठले नसते तर विचित्र दिसलं असतं.

मी पुढे जाऊन म्हणाले, "तीन महिन्यांपूर्वी मी खूप आजारी होते. अंथरुणातून उठवत नव्हतं. तुम्ही सगळ्यांनी प्रार्थना केली. पाळकसाहेब घरी आले, प्रार्थना केली. आणि प्रभूने मला पूर्ण बरं केलं. त्याची स्तुती असो."

लोक एका आवाजात आमेन म्हणाले. एस्तेरबाईंनी डोळे पुसले.

आता त्यातला शब्द न् शब्द काढून बघा. आजारी होते, खरं. प्रार्थना केली, खरं. प्रभूने बरं केलं, हेही मी आज तितक्याच खात्रीने म्हणेन. पण गोळ्यांचं नाव घेतलं असतं तर "कसल्या गोळ्या?" असं कोणीतरी विचारलं असतं, आणि मग आजाराचं नाव आलं असतं, आणि मग भाकर. म्हणून मी गोळ्या गाळल्या. सहा महिन्यांच्या उपचारांत तीन महिने बाकी असताना "पूर्ण बरं" म्हटलं. ही साक्ष मी श्रद्धेने दिलेली नव्हती, लाजेने दिलेली होती. आणि घरचे दोघं सोडले तर त्या सगळ्या माणसांत एकच अशी होती जिला माझा आजार कोणता ते ठाऊक होतं.

रिकामी जागा

डिसेंबरच्या खेपेला कमळ बाकावर नव्हती. मला वाटलं, भट्टी सुरू झाली, उद्या येईल. मी सिस्टरना सहज विचारलं तर त्या माझ्याकडेच बघत राहिल्या. म्हणाल्या, "तुमच्या ओळखीची आहे ना ती? फोन उचलत नाही. जरा बघा ना."

मी रिक्षा करून गेले. पळस्पे ओलांडल्यावर भट्टी शोधायला अर्धा तास गेला. कमळ कच्च्या विटा उलथत होती. मला बघून हसली, आणि हसताना खोकली. तो खोकला मला ओळखीचा होता. मी चार महिने तो माझ्या छातीत बाळगला होता.

"कमळ, गोळ्या आणायला आली नाहीस."

"नाय आली. मी सोडल्या ना."

"सोडल्या? कधी?"

"तुमच्या जेवनाच्या दिशीच." ती अगदी सहज सांगत होती. "तुमी बोलल्या ना, देवानी पुरं बरं केलं. मी बी हात जोडले व्हते तवा. पोरीचे बी जोडवले. घरी येऊन मना बरं वाटलं. मंग कशाला त्या गोळ्या? उपाशी घेतल्या का दिसभर मळमळतंय, मुकादम वरडतो."

मी खाली बसले. तिथे बसायला काही नव्हतं, विटांच्या रांगेशेजारी मातीतच बसले. मी तिला सांगितलं की मी गोळ्या सोडलेल्या नाहीत. आज सकाळीसुद्धा घेतली आहे. मला लाज वाटली म्हणून मी ते तिथे बोलले नाही. तू आजच माझ्याबरोबर चल.

तिने वीट खाली ठेवली. हात साडीला पुसले. तिच्या तोंडावरचं हसू गेलेलं होतं.

"म्हंजी तुमी देवाच्या घरात खोटं बोलल्या?"

"हो."

"एवढ्या मानसांपुडं?"

"हो."

"आनि हितं खरं बोलता, कोन नाय ते बघून." ती माझ्यासमोर उकिडवी बसली. "मला कसं कळावं मावशी, कुटलं खरं? तिथं तर सगली आमेन बोलली. हितं मी एकटीच हाय. मना वाटतं, देवानी बरं केलेलं तुमाला पटत नाय, म्हनून मला परत त्या गोळ्यात घालता."

"तसं नाही ग."

"मंग तिथं सांगा. त्याच जागी, त्याच मानसांना. मी येईन आयकाया. मंग घेईन गोळी."

सिस्टर तिच्याकडे दुसऱ्या दिवशी जाऊन आल्या. तिने त्यांनाही तेच सांगितलं, मावशी सांगतील तेव्हा. सिस्टरना अर्थ लागला नाही, त्यांनी मला फोन केला. मला लागला होता.

निवेदनं

ह्यांना सांगितलं तेव्हा ते जेवत होते. त्यांनी ताट बाजूला सरकवलं. आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली, इतकं भांडण आमच्यात झालेलं नाही. म्हणाले, मंडळी फुटेल. म्हणाले, एस्तेरबाईंची नात तुझ्या हातची भाकर खात होती, तिची आई काय म्हणेल? म्हणाले, मी चिटणीस आहे, मी माहीत असून गप्प बसलो असं होईल.

"तसं झालंच आहे," मी म्हणाले. मला ओरडायची ताकद नव्हती, म्हणून मी ते हळू म्हणाले, आणि बहुतेक म्हणूनच ते त्यांना लागलं.

कृपा आतून म्हणाली, "पप्पा, ती बाई मरेल."

पाळकसाहेबांकडे मी एकटी गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला. मला वाटलं रागावतील. ते म्हणाले, "बाई, साक्ष द्यायची आपल्याकडे पद्धत आहे. मागे घ्यायची नाही. मी उपासनेत ती घालू कुठे?" मग त्यांनी सुचवलं की महिला मंडळात आरोग्यावर चार शब्द बोलावेत, नाव न घेता. मी नाही म्हणाले. त्याच जागी, त्याच माणसांना, असं मला सांगण्यात आलं आहे म्हणाले. कोणी सांगितलं असं त्यांनी विचारलं नाही. प्रभूने सांगितलं असं त्यांना वाटलं असेल हे माझ्या नंतर लक्षात आलं, आणि मी तेही स्पष्ट केलं: वीटभट्टीवरच्या एका बाईने सांगितलं आहे. ते म्हणाले, "मग निवेदनांत घेऊ."

निवेदनं चिटणीस वाचतात.

त्या रविवारी ह्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. नाताळ जवळ आला होता. ह्यांनी वाचलं की कॅरोलसाठी कोणत्या दिवशी कोणत्या घरांकडे जायचं. वाचलं की ध्वनिक्षेपकाची वायर बदलायची आहे. वाचलं की मागच्या रविवारी एक वाचायचा चष्मा सापडला आहे, ज्यांचा असेल त्यांनी घेऊन जावा. मग कागद घडी केला आणि म्हणाले, "आता माझी पत्नी काही सांगणार आहे. ते मलाही आधीपासून माहीत होतं." हे दुसरं वाक्य आमचं ठरलेलं नव्हतं.

कमळ शेवटच्या बाकावर होती, सिस्टरनी दिलेला मास्क लावून, दाराच्या अगदी कडेला.

मी काय बोलले ते मला पूर्ण आठवत नाही. मला टीबी झाला आहे, असं म्हणाले. चार महिने मला तो आहे हे माहीत नसताना मी प्रभुभोजनाची भाकर केली. डॉक्टर म्हणतात अन्नातून जात नाही, पण मी तुमच्यात बसून खोकत होते, तेव्हा ज्यांना खोकला आहे त्यांनी तपासून घ्यावं. मी सणाच्या दिवशी पूर्ण बरी झाले म्हणाले, ते खोटं होतं. मी रोज गोळी घेते. आज घेतली, उद्या घेणार आहे. प्रार्थनेने माझं बळ राहिलं, पण गोळ्या मी तुमच्यापासून लपवल्या, कारण मला तुमची भीती वाटली. माझी साक्ष मी मागे घेते.

आमेन कोणी म्हटलं नाही. कोणाला कळेना अशा वेळी काय म्हणतात. पेटीवाल्या भाऊंनी पुढच्या गीताचा सूर धरला आणि मध्येच सोडला. मी खाली येऊन बसले.

त्यानंतर जे झालं ते तुम्हाला गोड वाटेल असं नाही. दोन घरं कित्येक रविवार आली नाहीत. एका बाईंनी मला जिन्यात गाठून विचारलं, "आमच्या बाळाला खोकला होता जुलैत, तेव्हाचं काय?" बाळ तपासलं, ठीक निघालं, तरी त्या अजून माझ्याशी बोलत नाहीत. भाकर एस्तेरबाईच करतात आणि तेच योग्य आहे. त्या माझ्याकडे येऊन म्हणाल्या होत्या, "ताई, तुम्ही करा पुन्हा, मी सांगते सगळ्यांना." मी नको म्हटलं. लोकांनी विश्वासाने तोंडात घालायची गोष्ट आहे ती. मनात शंका घेऊन कोणी खाऊ नये. तीन घरांतल्या माणसांनी मात्र येऊन हळूच विचारलं, दवाखान्यात कुठल्या खिडकीत जायचं. त्यातला एक जण गेली दोन वर्षं खोकत होता.

सकाळची गोळी

कमळची पुन्हा तपासणी झाली. जंतू परत दिसले. आपल्या नेहमीच्या गोळ्यांना ते अजून जुमानतात की नाही हे कळायला काही दिवस गेले, आणि ते दिवस मी माझ्या स्वतःच्या आजारात काढलेल्या दिवसांपेक्षा वाईट होते. मी घरात बसून राहायचे. हे अंडी ठेवून जायचे, मी ती तशीच ठेवायचे. प्रार्थनेला मला आता शब्द होते, पण एकच मागणं होतं.

गोळ्या चालतील असं निघालं. पण पहिल्या दिवसापासून सगळं पुन्हा. तीन महिने तिने जे सोसलं ते वाया गेलं.

माझे सहा महिने फेब्रुवारीत संपले. सिस्टरनी माझ्या कार्डावर शिक्का मारला आणि हसल्या. मी हसले, पण आनंद म्हणतात तसं काही झालं नाही. मी बरी आहे. थकवा जातो जातो म्हणतो आणि थोडा मागे राहतो.

तेव्हापासून सकाळी मी पहिल्या रिक्षाने भट्टीवर जाते. मला कोणी सांगितलेलं नाही. डब्यात दोन अंडी आणि थोडा भात असतो, तो गोळीनंतर तासाभराने खायचा. मुकादमाशी मी दोनदा भांडले, आता तो तिला तासभर बसू देतो. ती गोळी माझ्यासमोर घेते, पाणी पिते, तोंड उघडून दाखवते, मी न मागता. मग आम्ही मळमळ ओसरायची वाट बघत बसतो. पहिले पंधरा दिवस ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

परवा बोलली. गोळी गिळली, तांब्या खाली ठेवला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "मावशी, तुमचा देव रागावला असंल का तुमच्यावर?"

"माहीत नाही," मी म्हणाले. "मी माफी मागितली आहे."

"मी बी नाय केलं अजून." तिने पदराने तोंड पुसलं. "माफ."

मी मान हलवली. भट्टीकडून धूर येत होता, आम्ही दोघी बाजूला सरकून बसलो. तासाभराने तिने डबा खाल्ला, धुतला, झाकण लावून माझ्या हातात दिला.

"उद्या या," ती म्हणाली.